जुन्या मारुती ८०० चं आयडलिंग बिघडलंय? कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी

गाडी पळते छान. सिग्नलला थांबून गिअर न्यूट्रलला टाकला की मात्र आतला आरसा थरथरायला लागतो, स्टिअरिंग हातात कापतं आणि दिवा हिरवा व्हायच्या आत इंजिन एक गचका देऊन गप्प होतं. वडिलांची किंवा काकांची जुनी ८०० आपण सांभाळायची असं ज्यांनी नुकतंच ठरवलंय, त्यांना हे पहिल्या पावसाळ्यातच भेटतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली ८०० ग्राहकाच्या हाती आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मी इथे मुख्यतः कार्बोरेटरवाल्या ८०० बद्दल बोलतोय, म्हणजे साधारण २००० सालापर्यंतच्या. ओम्नीचं जुनं ७९६ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं, त्यामुळे ओम्नीवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहणं, बिघडलं की आपला हात आधी कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे जातो. तो समोर दिसतो, साध्या स्क्रूड्रायव्हरने फिरतो आणि फिरवला की आवाज लगेच बदलतो, त्यामुळे काहीतरी दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. मीही तेच केलं होतं. रेस वाढवून दोन महिने गाडी चालवली. पेट्रोल जास्त जायला लागलं, क्लच सोडताना गाडी उडी मारायला लागली, थरथर मात्र तशीच. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिन चालू ठेवून एकेक रबरी पाइप पकडीने दाबून पाहिला आणि दोन मिनिटांत दोष दाखवला. बोटभर लांबीचा पाइप खालच्या बाजूने चिरला होता. पाइप बदलायला पाच मिनिटं लागली. मी फिरवून ठेवलेले स्क्रू जागेवर आणायला अर्धा दिवस गेला. त्या दिवशी ते म्हणाले, "अहो, आधी इंजिनाचं ऐका, मग पान्याला हात लावा." खाली दिलेला क्रम त्यांनीच शिकवलेला आहे. यात फुकटातल्या तपासण्या आधी येतात, खर्चाच्या नंतर, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

हात घालण्याआधी

गाडी मोकळ्या हवेत उभी करा. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम कधीही करू नका. जुन्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. हँडब्रेक ओढा, चाकाला वीट लावा, गिअर न्यूट्रलला. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा विजेचा असतो, तो सांगून सुरू होत नाही. पेट्रोलच्या कामाच्या वेळी जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवा, निदान वाळूची बादली तरी.

हत्यारं फार लागत नाहीत: प्लग पाना, फिलर गेज, पक्कड, पॉलिश पेपर, एक जादा स्पार्क प्लग, टॉर्च आणि वही. वहीला मी हत्यारच मानतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते लिहून ठेवायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही.

पायरी पहिली: थरथर कुठली आहे ते ओळखा

या इंजिनाला तीनच सिलिंडर. तीन सिलिंडरचं इंजिन उभं असताना चारवाल्यापेक्षा थोडं जास्त हलतंच, ते त्याच्या बांधणीतच आहे. ९०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास आयडलिंग धरलं, तर सेकंदाला साधारण २२ स्फोट होतात. त्यातला एक सिलिंडर गेला की सात-आठ स्फोट गायब. म्हणजे इंजिनाचा तिसरा हिस्सा झोपला. चार सिलिंडरच्या गाडीत चौथा हिस्सा जातो, म्हणून तिथे तेवढं जाणवत नाही. तुमची ८०० एकदम आडदांडपणे हलायला लागली असेल, तर एखादा सिलिंडर काम करत नाही ही शंका आधी घ्या.

इंजिन गरम झालं की मागे जाऊन सायलेन्सरपाशी उभे राहा आणि डोळे मिटून ऐका. आवाज एकसारखा येतोय का? मग वर्तमानपत्राची एक पट्टी सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब धरा. कागद एकसारखा बाहेर फडफडला तर स्फोट नियमित आहेत. ठरावीक ठेक्यात ताल चुकत असेल तर एकच सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे त्यातला स्फोट चुकतोय. ताल कधीही, कसाही चुकत असेल तर दोष सगळ्यांना मिळून आहे, म्हणजे हवा, पेट्रोल किंवा सगळ्यांना ठिणगी देणारा भाग. आणि कागद मधूनमधून आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर नजर ठेवा.

सायलेन्सरचा ताल चोख आहे, तरी केबिनमध्ये सगळं हलतंय? मग इंजिन ठीक आहे, त्याचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते, गेलंय. टॉर्च घेऊन माउंटिंगचं रबर बघा. फाटलेलं, लोखंडापासून सुटलेलं किंवा ऑइल पिऊन फुगलेलं रबर लगेच ओळखू येतं. कित्येक गाड्यांचं कार्बोरेटर उगाच साफ होतं आणि दोष या रबरात असतो.

पायरी दुसरी: कुठला सिलिंडर झोपलाय

इंजिन चालू असताना एकेक प्लग वायर ओढून बघायची जुनी पद्धत आहे. नव्या माणसाने तशी करू नये. झटका जोरदार बसतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या मॉडेलमध्ये वायर हवेत लोंबकळली तर ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल किंवा मॉड्यूल जळू शकतं. इंजिन बंद करा. पहिल्या सिलिंडरची वायर काढा, तिच्यात जादा प्लग खोचा आणि त्या प्लगचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकवून बांधा. आता गाडी चालू करून ऐका. थरथर वाढली, इंजिन बसायला लागलं, तर तो सिलिंडर आधी काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर झोपलेला तोच. बंद करा, वायर परत लावा, पुढचा सिलिंडर घ्या. प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद पुरे. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर हे फार वेळ करू नका, न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन त्याची वाट लावतं.

झोपलेला सिलिंडर सापडला की त्याचा प्लग आणि शेजारच्या चांगल्या सिलिंडरचा प्लग यांची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. नाही सरकला तर वायरींची अदलाबदल. तरीही दोष त्याच सिलिंडरला चिकटून राहिला, तर आत काहीतरी आहे. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय.

प्लग काढताना इंजिन थंडच हवं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना जोर लावला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात. परत बसवताना शेवटपर्यंत हाताने फिरवा. नवा वॉशरचा प्लग टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा, जुनाच बसवत असाल तर अगदी किंचित.

काढलेल्या प्लगकडे निवांत बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं छान. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त येतंय. काळं, ओशट, चिकट म्हणजे ऑइल वर येतंय. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच पडत नाही. पांढराफटक म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. तिन्ही प्लग ओळीने कागदावर ठेवून फोटो काढा. तिघांचा रंग सारखा आहे की एकाचाच वेगळा, यातच अर्धं निदान असतं. कार्बोरेटरवाल्या या गाड्यांना गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी ठेवतात, तो फिलर गेजने मोजा, डोळ्यांनी नको.

पायरी तिसरी: ठिणगीचा रस्ता

आपल्याकडे पावसाळ्यात बऱ्याच तक्रारी इथल्याच असतात. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाची, कॅप काढा, आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात धरा. केसासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी त्या रेघेवरून पळून जाते. ती रेघ घासून जात नाही, कॅप बदलावीच लागते. कॅपच्या आतले पॉइंट आणि मधला कार्बन बघा, रोटरचं टोक बघा. पांढरा-हिरवा थर हलक्या हाताने खरवडा.

रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू करा आणि लांबूनच बघा. वायरींवर निळसर किडे वळवळताना दिसले तर त्या वायरींचं कवच फुटलंय. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत हा खेळ हमखास दिसतो. दिसला तर तिन्ही वायरी आणि कॉइलची मधली वायर असा सगळा संच बदला, एकेक बदलत बसू नका.

फार जुन्या मॉडेलमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या आत कॉन्टॅक्ट पॉइंट असतात, म्हणजे कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा स्विच. त्यांच्यावर खड्डा आणि टेकडी तयार झाली असेल तर घासण्यापेक्षा पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाका. गॅप ०.४ ते ०.५ मिमीच्या दरम्यान. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडायची नेमकी वेळ) सरकतं, म्हणून नंतर टायमिंग लाइटने तपासून घ्या. ते गॅरेजमधून करून घेतलंत तरी चालेल.

पायरी चौथी: चोरून येणारी हवा

माझ्या मते जुन्या गाडीच्या आयडलिंगचा सगळ्यात मोठा शत्रू हाच, आणि सगळ्यात कमी तपासला जाणाराही. इंजिन आयडलिंगला असताना थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप, जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळीत, जोरदार ओढ असते. तिथे एखादी चीर असेल तर कार्बोरेटरला बगल देऊन हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. रेस दिली की इंजिन एवढी हवा घेतं की चोरीची हवा नगण्य ठरते. म्हणून गाडी पळताना छान आणि उभी असताना बेजार. हे लक्षण जुळत असेल तर आधी इथेच शोधा.

मॅनिफोल्डवरून निघणारा प्रत्येक रबरी पाइप शोधा: डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युमकडे जाणारा, व्हॉल्व्ह कव्हरकडून येणारा आणि असल्यास ब्रेक बूस्टरचा (ब्रेक दाबायला मदत करणारा भाग). पाइप वाकवून खालची बाजू बघा, चिरा नेहमी तिथेच असतात. टोकं कडक होऊन सैल झाली असतील तर तेवढं टोक कापून परत बसवता येतं. पार्किंगमध्ये महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदरांचे दात शोधा, त्यांना हे रबर आणि वायरी दोन्ही प्रिय.

आता इंजिन चालू करून पकडीच्या जबड्याला फडकं गुंडाळा आणि एकेक पाइप अलगद दाबा. ज्या पाइपाला दाबल्यावर आयडलिंग सुधारतं, त्या पाइपात किंवा त्याच्या पलीकडच्या टोकाला गळती आहे. ब्रेक बूस्टर असेल तर पेडल दाबून धरा. फुस्स आवाज येऊन थरथर बदलली तर बूस्टरचा पडदा फाटलाय. तो ब्रेकचा प्रश्न आहे, ती दुरुस्ती लांबवू नका.

पाइप सगळे ठीक निघाले तर कार्बोरेटरच्या बुडाचं आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. कित्येक जण तिथे कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल फवारतात. गरम एक्झॉस्ट शेजारीच असतो, एखादी फुटकी वायर ठिणगी टाकत असते, आग लागायला वेळ लागत नाही. त्याऐवजी लहान ब्रशने सांध्यावर पाणी लावा, वायरींपासून लांब. पाणी चिरीत ओढलं गेलं की आवाज क्षणभर बदलतो. बोल्ट आवळायचे असतील तर आळीपाळीने, थोडे थोडे. एकाच बाजूने करकचून आवळलं तर बूड वाकतं आणि मग गळती कायमची.

इथेच इथेनॉलचा मुद्दा येतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हा फरक सांभाळून घेतो. कार्बोरेटरला डोकं नाही, त्याच्या जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोट्यांची, भोकं जुन्या पेट्रोलसाठी पाडलेली. त्यामुळे मिश्रण मुळातच थोडं पातळ झालेलं असतं, त्यात चोरीची हवा मिळाली की आयडलिंग कोलमडतं. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलचे पाइप बदलायचे तर इथेनॉल चालणारेच मागून घ्या.

गॅस किट असेल तर

सीएनजी किंवा एलपीजीवर केलेल्या गाडीच्या मालकाकडे तपासाचं एक आयतं साधन असतं. गाडी पेट्रोलवर पाच मिनिटं उभी ठेवा, मग गॅसवर पाच मिनिटं. फक्त पेट्रोलवर बिघडते तर कार्बोरेटर. फक्त गॅसवर बिघडते तर किटचं सेटिंग किंवा मिक्सर. दोन्हींवर सारखीच बिघडते तर कार्बोरेटर निर्दोष, वर सांगितलेल्या ठिणगी आणि हवेच्या पायऱ्या परत तपासा.

पायरी पाचवी: आता कार्बोरेटर

आधी चोक, म्हणजे थंड इंजिनासाठी हवा अडवून पेट्रोल वाढवणारी सोय. डॅशबोर्डवरची दांडी पूर्ण आत ढकलली की एअर फिल्टर काढून वरून बघा, चोकची पट्टी पूर्ण उभी व्हायला हवी. केबल गंजून पट्टी अर्धवट अडकली असेल तर पेट्रोल जास्त जातं, प्लग काळे होतात आणि गरम इंजिन घरघरतं. एअर फिल्टर घाण असेल तर बदलाच.

ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत चालते आणि पाय काढला की मरते, अशी गाडी असेल तर बहुधा स्लो जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारा जेट, तुंबलेला असतो. महिनाभर उभ्या गाडीत पेट्रोल सुकून त्याचा डिंक होतो आणि सुईएवढं भोक बुजतं. काही कार्बोरेटरवर पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) असतो. चावी ऑन केल्यावर तिथे टक् आवाज यायला हवा. आवाज नसेल तर आधी त्याची वायर बघा. जेट साफ करताना आत तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे.

एवढं झाल्यावरच स्क्रू. इंजिन पूर्ण गरम, चोकची दांडी पूर्ण आत, हेडलाइट, गाडीतला पंखा, एसी बंद. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू किती फेरे उघडा आहे ते आधी मोजा: हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फेरे मोजत न्या, वहीत लिहा, तेवढेच परत बाहेर आणा. टेकल्यावर जोर दिला तर स्क्रूची सुई आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात. मग पाव-पाव फेरा आत घेत जा. इंजिन अडखळायला लागलं की बाहेर, जिथे आवाज सगळ्यात गुळगुळीत तिथे थांबा. रेस वाढली असेल तर थ्रॉटलच्या स्क्रूने ९०० च्या आसपास आणा. मग मिक्श्चर स्क्रू परत एकदा. दोन-तीन आवर्तनांत जमतं.

एसी लावल्यावरच थरथर होत असेल तर हे स्क्रू सोडा. एसीच्या वेळी रेस वाढवणारी वेगळी यंत्रणा असते, तिचा व्हॅक्युम पाइप आणि वायर बघा.

यानंतर गाडी पीयूसी केंद्रावर न्या. पीयूसी म्हणजे नुसतं प्रमाणपत्र असं आपण समजतो, पण आयडलिंगचा तो फार स्वस्त एक्स-रे आहे. भारत स्टेज २ या प्रदूषण निकषाच्या आधीच्या चारचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. नुसता पास शेरा बघू नका, आकडे वहीत लिहा. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तो कमी आणि हायड्रोकार्बन मात्र खूप, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे कुठेतरी मिसिंग शिल्लक आहे किंवा मिश्रण फार पातळ आहे.

दोष एकाच सिलिंडरला चिकटून राहिला तर

आता टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधला गॅप ठरवणारे स्क्रू) आणि कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब). टॅपेट फार आवळले असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची कड जळते आणि त्या सिलिंडरचा दाब जातो. गॅसवर चाललेल्या गाड्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते आणि टॅपेट आपोआप आवळत जातात, म्हणून त्यांचं सेटिंग वरचेवर बघावं लागतं. गॅपचे आकडे थंड आणि गरम इंजिनाला वेगळे असतात, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलेच घ्या.

कंप्रेशन गेज गॅरेजमध्ये असतं. तिन्ही प्लग काढून, कॉइलची जोडणी सोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. तिन्ही आकडे जवळपास हवेत. एक फार कमी आला तर त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. दोन्ही कामं मिस्त्रींचीच. पण जाताना वही घेऊन जा: कुठला सिलिंडर, कुठला प्लग कसा दिसत होता, कंप्रेशनचे आकडे, पीयूसीचे आकडे. "गाडी थरथरते" एवढंच सांगितलं तर काम कार्बोरेटर साफ करण्यापासून सुरू होतं. "दोन नंबरचा दाब कमी आहे, ऑइल टाकूनही वाढत नाही" असं सांगितलं तर ते सरळ हेडपासून सुरू होईल.